दादाचं औषध

आमच्या घरात औषध हा शब्द एकच होता. खोकल्यावरचं ते औषध, कपाशीवर मारायचं तेही औषध. ढेकणांचं, उवांचं, ज्वारीच्या कणगीत कालवायची पांढरी पावडर, सगळं औषधच. विष हा शब्द आम्ही सापासाठी राखून ठेवला होता. शेतातली बाटली तोंडाला लावून कुणी जीव दिला तरी गाव म्हणायचं, "औषध घेतलं त्यानं." मी पुढं तीस वर्षं मराठी शिकवली, पण या शब्दात काहीतरी चुकतंय असं माझ्या कधी मनात आलं नाही. ते मला एका डॉक्टरीणबाईंच्या समोर बसून कळलं.

फुलंब्रीच्या पुढं आमची जमीन. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडिलांचा गुडघा गेला तेव्हा त्यानं नववीतून शाळा सोडली आणि तो शेतात उतरला. दोघांपैकी एकानंच शिकायचं तर मी शिकावं असं ठरलं, कारण मी हुशार होते. असं गाव म्हणायचं आणि मी मान डोलावून ऐकून घ्यायचे. या हुशारीपायी माझ्याकडं एक काम आलं. औषधाच्या बाटलीसोबतचा कागद वाचून माप सांगायचं.

तो कागद उलगडला की रुमालाएवढा व्हायचा. सात-आठ भाषा, आणि अक्षर इतकं बारीक की मराठी सापडेपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. मी बांधावर उभी राहून मास्तरणीच्या थाटात वाचायचे, "एका पंपाला एक झाकण." वडील लंगडत जवळ यायचे आणि म्हणायचे, "मागल्या खेपंला अळी मेली नाय. नीट वाच, वाढीव लिव्हलंय का कुठं?" तसं कुठंच लिहिलेलं नसायचं. पण नाही म्हटलं तर माझ्या वाचण्याला किंमत काय राहिली? मी कागद उजेडाकडं धरायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि सांगायचे, "दीड चालतं." पुढच्या वर्षी दोन चालायला लागली. ही दोन झाकणं माझ्या मनातली होती. कागदावर नव्हती. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खालच्या ओळींत बरंच काही असायचं. हातमोजे घाला. तोंडाला फडकं बांधा. अंगावर सांडलं तर लगेच धुवा, कपडे वेगळे धुवा. ते मी वाचलं होतं, पण मोठ्यानं कधी वाचलं नाही. हातमोजे आमच्या पंचक्रोशीत फक्त दवाखान्यातल्या नर्सबाईंकडं होते. मी वाचून दाखवलं असतं तर दादा हसला असता, आणि मला कुणी हसलेलं तेव्हाही खपत नसे.

पाठीवरचा फवारणीचा पंप गळायचा. आतला वायसर झिजला की औषध पाठीवरून कमरेत आणि कमरेतून मांड्यांवर उतरायचं. दादा पाठीला बारदान बांधायचा, तेही भिजायचं. तसाच ओला तो दिवसभर तासातून फिरायचा. दुपारी विहिरीवर हात खंगाळून भाकरी खायचा. "एक झाकण कपाशीला, एक झाकण मला," असं म्हणून तोच हसायचा, मीही हसायचे. संध्याकाळी आई त्याचे कपडे माझ्या परकर-पोलक्यांसोबत एकाच बादलीत भिजवायची.

मग मी शहरात शिकायला आले. तेव्हा त्याला औरंगाबादच म्हणत. शिक्षिका झाले, लग्न झालं. नवरा वाळूजला कारखान्यात, म्हणून बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या. दादानं पंप उचलला म्हणून मला पुस्तकं उचलता आली, हे वाक्य मी शाळेच्या समारंभात दोनदा बोललेली आहे. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

वहिनी अजिंठ्याकडची. माझ्याच वयाची, पण मी तिला अगं-तुगं करायचे आणि ती मला वन्सं म्हणून अहो-जाहो करायची, कारण तशीच रीत. बोलायला मोठी खट्याळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांच्या लंगडण्याची नक्कल केली आणि सासऱ्यांनीच ती बघितली. तेही हसले. आमच्या घरात तिच्याआधी इतकं हसणं नव्हतं.

तीन वर्षं गेली आणि हसणं कमी होत गेलं. मूल नव्हतं. आई आधी नुसती विचारायची, मग सुस्कारे टाकायला लागली, मग वहिनीच्या ताटाकडं बघून "खाल्लेलं अंगी लागत नाय कुणाच्या" असं भिंतीला ऐकवायला लागली. चौथ्या वर्षी मी म्हटलं, शहरात चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, वहिनीला माझ्याकडं पाठवा. सगळ्यांना ते पटलं. तपासायची वहिनीच, यावर घरात दुमत नव्हतं. माझंही नव्हतं, आणि मी तर शिकलेली.

ती येणार म्हणून मी आतली खोली साजरी केली. खाटेत ढेकूण होते. खाट, गादी, भिंतीच्या फटी, सगळीकडं ढेकणांचं औषध मारलं आणि दारं-खिडक्या लावून ठेवल्या, कारण दुकानदार म्हणाला होता की कोंडून ठेवलं तर जास्त लागू पडतं. दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच गादीवर झोपली. "लई उग्र वास येतो वन्सं, पर ढेकूण नाय चावला एक बी," म्हणाली. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. निकाल यायच्या आत ती गावी परतली; सगळं ठीक निघालं, पण दादाची तपासणी होईपर्यंत ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवऱ्याला पाठवा. दादा आधी तयार नव्हता. मग मोंढ्यात माल घेऊन आला तेव्हा मी त्याला जवळजवळ ओढून नेलं. त्यानं तपासणीला नमुने दिले आणि पुढच्या आठवड्यात निकालाला पुन्हा आला. त्या दिवशी वहिनी गावीच होती. आमच्या आईनं तिला वेचणीला ठेवून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद दोनदा वाचला आणि दादाला विचारलं, "काही औषध चालू आहे का तुम्हाला?"

"सध्या नाय," दादा म्हणाला. "पावसाळ्यात असतं. आठ दिवसाला एकदा."

"आठ दिवसांनी एकदा? कशावरचं?"

"बोंडअळीवरचं."

बाई हसल्या. दादाही हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, आपल्या भावाच्या अडाणीपणाला आपणच आधी हसून मोकळं व्हावं म्हणून. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

"म्हणजे फवारणी. स्वतः करता?"

"व्हय."

"किती वर्षं?"

"पंधरा झाली असतील. पंप थोडा गळतो आमचा."

त्यांनी कुठं गळतो ते विचारलं. दादानं उठून, लाजत, कमरेवरून मांडीपर्यंत हात फिरवून दाखवला.

मग त्यांनी सांगितलं. कागदावर दिसत होतं ते असं की दादाच्या बाजूनं बीज जवळजवळ नव्हतंच, आणि रक्तातलं हार्मोनचं प्रमाणही बिघडलेलं होतं. हार्मोन म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला सोपं करून सांगितलं. शरीरातला एक अवयव दुसऱ्याला निरोप धाडतो, आता हे कर, आता थांब. बीज तयार होणंही अशाच निरोपांवर चालतं. कीटकनाशकांतली काही अशी असतात की शरीर त्यांनाच आपला निरोप समजून बसतं, काही खरा निरोप पोचू देत नाहीत. "तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरीही कारणं असू शकतात. पण शंका घ्यायला जागा आहे. फवारणी पूर्ण बंद करा. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तपासू. काहींच्यात सुधारतं. आणि पुढच्या वेळी दोघं मिळून या, मला दोघांशी बोलायचंय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घरात ढेकूण-झुरळांसाठी मारतो ना आपण, त्यातलीही काही याच जातीची असतात. बंद खोलीत मारून झोपू नका."

मला बंद खोली आठवली. आणि त्याआधी बांधावर उजेडाकडं धरलेला कागद आठवला. बाई आता विचारतील, मापानं वापरता ना, आणि दादा सांगेल, ही वाचून द्यायची, या भीतीनं मी पर्स उचलून उठायच्या तयारीत बसले. त्यांनी विचारलं नाही.

बाहेर रस्त्यावर दादा एका रसवंतीच्या बाकड्यावर बसला. रस मागवला आणि प्यायला नाही. पेला बाजूला सरकवून म्हणाला, "तिला नको सांगू. आईला तर नायच नाय. तो कागद तुझ्यापाशीच ठेव."

"अरे पण बाईंनी दोघांना बोलावलंय. सुधारतं म्हणाल्या त्या."

"गावात कळलं तर मी उभा कसा राहू? तूच सांग."

मी हो म्हणाले. भावावरच्या मायेनं म्हणाले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. माया होतीच. पण ती गोष्ट घरात बोलली गेली असती तर बोलता-बोलता औषधावर आली असती, औषधावरून मापावर आली असती, आणि मापावर आली की सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. दादाची लाज झाकताना मी माझी चूक झाकून घेतली. कागद माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत गेला.

दादानं पंप खाली ठेवला, एवढं मात्र केलं. पाठ दुखते असं सांगून फवारणीला एक माणूस लावला. वाडीवरचा, मेंढ्या विकून मजुरीला लागलेला. त्याच्या पाठीवर तोच गळका पंप गेला. त्या माणसाला सांगावं असं मला वाटलं का? वाटलं. सांगितलं का? नाही.

पुन्हा तपासणीला कुणी गेलं नाही. ती केली असती तर पहिलीत काय निघालं होतं हे वहिनीला सांगावं लागलं असतं. दादामध्ये काही सुधारलं होतं की नाही हे त्यामुळं कधीच कळलं नाही. घरी आम्ही एवढंच सांगितलं की डॉक्टर म्हणतात वाट बघा. आई त्याचा अर्थ वहिनीनं वाट बघावी असा काढून मोकळी झाली. मग तिला कुणाकुणाच्या गोळ्या, काढे, सोळा-सोळा उपास. एका गोळीनं तिचं अंग सुजायचं. ती सुजलेल्या हातांनी भाकरी थापायची आणि मला दाखवून म्हणायची, "बघा वन्सं, आता तरी बाळसं आलं का नाय?"

दोन वर्षांनी मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात गावी ओटी भरायचा कार्यक्रम झाला. मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले. ओटीचं ताट वहिनीनंच तयार केलं होतं, नारळाला हळद तिनंच लावली होती. ती ताट घेऊन पुढं आली तेव्हा आई हळूच म्हणाली, "तू राहू दे गं." वहिनी एक पाऊल मागं झाली आणि ताट शेजारच्या काकूंच्या हातात देऊन हसत म्हणाली, "माझे हात पिठाचे हायत, तुम्हीच भरा." तिचे हात स्वच्छ होते. मी ते बघितले. त्या क्षणी मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी पदर पसरला आणि ओटी घेतली.

पुढं आईनं दादासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली. आईच्याच माहेरच्या नात्यातली कुणी होती. वहिनीला माहेरी पाठवायचं बोलणं झालं, तिच्या भावाला निरोपही गेला. दादानं एका वाक्यात मोडून काढलं, "मी दुसरी करणार नाय, हा विषय पुन्हा काढू नका." काढला नाही कुणी.

आणि इथंच माझ्या भावाचं मोठेपण सुरू झालं. गाव म्हणायला लागलं, काय माणूस हाय, वांझ बायको सांभाळतो. पारावर लोक दुसऱ्यांना त्याचा दाखला द्यायचे. दादा मान खाली घालायचा, तर त्याचाही अर्थ लोकांनी नम्रपणा असा लावला. दिवाळीच्या पाडव्याला वहिनी त्याला ओवाळायची आणि पायावर डोकं टेकवायची ते किती तरी वेळ उचलायची नाही. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "वन्सं, दुसरा असता तर कधीच हाकललं असतं मला. देवमाणूस हाय तुमचा भाऊ." मी म्हणाले, "हो गं." दुसरं काही म्हणायचं मला सुचलं नाही असं नाही.

अशी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. वडील गेले, आई गेली. मी निवृत्त झाले. बजाजनगरच्या खोल्या सोडून आम्ही शहरात घर घेतलं तेव्हा सामान आवरताना तो कागद हाती आला. घड्यांवर फाटत आलेला होता. मुलीनं विचारलं, काय आहे गं? काही नाही म्हणून मी त्याचे तुकडे केले.

गेल्या थंडीत मी गावी गेले होते. दादा शेतावर होता. ओसरीवर वहिनी आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेजारच्या घरी बारसं होतं आणि वहिनी गेली नव्हती. "मी गेले की बायांना अवघडल्यासारखं होतं, मग कशाला?" असं अगदी साधेपणानं म्हणाली, त्यात तक्रारही नव्हती. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. तपासणी, बोंडअळी, रसवंतीचं बाकडं, कागद. दोन झाकणंही सांगितली.

तिनं सोलायचं थांबवलं नाही.

"म्हंजे माझ्यात काय नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"अन् तुम्हाला कधीपास्नं ठावं?"

"तुझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षापासून."

तिनं मुठीतल्या शेंगा सुपात टाकल्या. "पोर नशिबात नसंल तर नसंल. त्याला मी कधीच रडून घेतलं. औषधाचं काय, कुणाला कळत व्हतं तवा? तुम्ही बी पोरच व्हता." मला वाटलं, सुटले. मग ती म्हणाली, "पर मी त्यांचे उपकार मानीत आले, वन्सं. रोज. ठेवून घेतलं मनून. तुम्ही समोर बसून ऐकत व्हता ते."

मी सुपातली एक शेंग उचलली.

"तो कागद हाय?"

"फाडला."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "तर मग तुम्हीच सांगा. संक्रांतीला बाया येत्यात हळदीकुंकवाला, त्यांच्यात सांगा. ह्यांचं नाव नका घेऊ. नुसतं माझं नाव घेऊन सांगा की हिच्यात दोष नव्हता. तुमचं खरं मानत्यात सगळे, तुम्ही शिकलेल्या."

"पण दादाला काय वाटेल?" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

वहिनीनं सूप उचललं आणि ती आत गेली.

संक्रांतीला मी गेले. ओसरी बायकांनी भरली होती. वहिनीनं एकेकीला हळदीकुंकू लावलं, माझ्यापाशी आली, मलाही लावलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि जरा थांबली. "गोड झालाय," मी म्हणाले. ती पुढच्या बाईकडं गेली. संध्याकाळच्या बसनं मी परत आले.

घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. तोंडानं जमलं नाही ते लिहून तरी व्हावं, असं मनाशी म्हणत होते. आता सगळं लिहून झालंय आणि मी पहिल्यापासून वाचून पाहिलं. यात फुलंब्रीचं नाव आहे, अजिंठ्याचं आहे, बजाजनगरचं आहे. वहिनीचं नाव मी कुठंच लिहिलेलं नाही.